हौसाबाईच्या घरचा कोंडा

एक होती ऊ, एक होती फणी आणि एक होती मंजुळा नावाची शाळकरी पोर. ऊ राहायची मंजुळाच्या कानामागे अन् फणी राहायची कोनाड्यात.

मंजुळा सारखी डोकं खाजवायची. फणी तिच्या आईला म्हणाली, "हौसाबाई, लेकीला उवा झाल्यात."

"आमच्या घरात? कोंडा असेल तो!"

"अगं, कोंडा झटकला की पडतो. ही लीख केसाला चिकटलीय, बघ ओढून."

लीख काही निघेना. मग हौसाबाईनं दार लावलं, पोरीचे केस ओले केले आणि फणी फिरवायला घेतली. भराभर उवा पडू लागल्या. ऊबाई कानामागच्या केसांत दडून बसली. "अगं बाई, सगळं गोत चाललं माझं!"

तेवढ्यात मंजुळा म्हणाली, "आये, आपण एकाच उशीवर निजतो. तुझंबी डोकं बघू का?"

"गप गं! माझ्या डोक्यात उवा? लोक काय म्हणतील?"

ऊबाईनं हे ऐकलं. आईनं लाडानं पोरीच्या डोक्याला डोकं टेकवलं, तशी ऊबाई हळूच आईच्या केसांत सरकली. हौसाबाईचा अंबाडा ऐसपैस, तेल भरपूर, आणि दारावर पहारा अब्रूचा. फणीची काय बिशाद आत यायची! तिथं ऊबाईला लेकरं झाली, नातवंडं झाली, अन् सगळं कुटुंब सुखानं नांदू लागलं.