विषय सोडून

"मग काय करू बुवा? उघड्या डोळ्यांनी बघत बसू?"

विश्राम घोलप डोंगर चढून आला होता, तो आल्या आल्या भडकलाच. मधमाश्या कशा पाळायच्या हे त्याला गोविंदगिरीबुवांनीच शिकवलं होतं, याच मठाच्या अंगणात. आता मोबाईलवर त्याचा मधपाळांचा ग्रुप होता. सातशे माणसं होती त्यात. नियम एकच... फक्त मधमाशीबद्दल बोलायचं.

"झालं काय?" बुवांनी विचारलं.

"सकाळी उठलं की फुलांचे फोटो. मग निवडणूक. मग कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस! मागच्या महिन्यात सुलभाताईंच्या पेट्यांना मेणकीड लागली. त्यांनी उपाय विचारला. त्याच वेळी कुणाचे तरी वडील गेले. दोनशे जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. त्यात ताईंचा प्रश्न बुडाला, कुणाला दिसलाच नाही. चार पेट्या गेल्या त्यांच्या. रडत होत्या हो फोनवर!"

"वाईट झालं."

"म्हणून आता मी कुणाचंच ऐकत नाही. विषय सोडला की बाहेर. परवा धोंडू पारठेला काढलं, तर लोक मलाच शिव्या घालतायत. दगडाच्या काळजाचा म्हणतात मला!"

"धोंडूनं काय लिहिलं होतं?"

"फोटो काढून ठेवलाय मी. नियम मोडणं म्हणजे काय, ते सगळ्यांना दाखवायला." विश्रामनं मोबाईल काढला. "हे बघा. 'आमची मालन सोमवारी गेली.' झालं! आता पुन्हा दोनशे श्रद्धांजल्या."

"पुढे?"

"पुढे वाचायची गरजच नव्हती."

"वाच."

"बुवा, पहिल्या ओळीतच..."

"वाच म्हणतो ना!"

बुवांचा आवाज इतका चढलेला विश्रामनं कधी ऐकला नव्हता. तो वाचू लागला.

"'तेराव्यापर्यंत मला घर सोडता येत नाही. माळावर अकरा पेट्या आहेत. मांडवाचं छप्पर वाऱ्यानं उडालंय. ऊन फार आहे. माश्या पेटीबाहेर... पेटीबाहेर लोंबायला लागल्यात. जवळपास कुणी असेल तर सावली करा, पाणी ठेवा.'"



वाचून होताच विश्राम उसळला. "असं होतं तर आधी पेट्यांचं लिहायचं! बायकोपासून कशाला सुरुवात केली?"

"त्याच्या घरात सुरुवात तिथूनच झाली रे."

विश्रामनं मोबाईल खिशात टाकला.

"कधीचं आहे हे?" बुवांनी विचारलं.

"परवाचं. आज तिसरा दिवस."

"राहतो कुठे?"

"सोनटवाडीत. डोंगराच्या पायथ्याला."

"म्हणजे येताना त्याचा माळ ओलांडूनच आलास."

विश्रामनं मान खाली घातली. पण राग काही उतरेना. "एकासाठी नियम मोडला तर उद्या सातशे जण मोडतील. मग सुलभाताईंना कोण उत्तर देणार? सांगा ना! नियम नकोतच का मग?"

बुवा उठले. पडवीतला फांद्या तोडायचा कोयता त्यांनी कमरेला खोचला. पाण्यानं भरलेली घागर उचलली आणि विश्रामच्या खांद्यावर आदळली. पाणी हिंदकळून त्याचा सदरा भिजला.

"चल. नियम मला वाटेत सांग."