खारीचं सरावाचं पान

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा, शब्दही साधेच आहेत.

फार पूर्वी सशांच्या बिळावर साळिंदर राखणदार होता. पानावर हत्तीचा ठसा असेल, त्यालाच तो आत सोडी. नवं दार खारीने बसवलं आणि ते तपासायला पानावर स्वतःचाच पंजा उमटवला.

"हा ठसा खारीचाच, असं कोण सांगतं?" साळिंदराने विचारलं.

"मीच. दादा, सराव आहे, आजच्यापुरतं चालवून घ्या."

त्याने चालवून घेतलं. पान मात्र दारातच राहिलं.

संध्याकाळी कोल्हा तेच पान घेऊन आला. आत पिल्लं झोपली होती. खारीचा ओळखीचा ठसा पाहून साळिंदराचा हात कडीकडे गेला. सवयीने त्याने विचारलं, "ठसा कुणाचा?"

"हत्तीचा."

साळिंदराने काटे उभारले. कोल्हा पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळिंदराने खारीकडची सरावाची सगळी पानं मागून घेतली आणि न्याहारीला खाल्ली.