खड्डा काही भरेना

एक गाव होतं, साठ उंबऱ्यांचं. गावात एक हायस्कूल होतं, हायस्कुलात पर्यावरण मंडळ होतं आणि मंडळाची अध्यक्ष होती नववीतली एक मुलगी. मुलगी हुशार आणि भारी चिवट. हाती घेतलेलं काम तडीस गेल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

एकदा तालुक्याहून पत्रक आलं. ज्या शाळेचा कंपोस्ट खड्डा काठोकाठ भरेल, तिला ढाल मिळणार होती. मंडळानं कंबर कसली. शाळेमागे छातीइतका खोल खड्डा खणला, वर रंगीत पाटी लावली. पत्रकात छापलंच होतं, की प्रत्येक घरातून रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो. मुलगी बादल्या आणि मुलं घेऊन गावात शिरली.

पहिल्या घरातल्या काकू चकित झाल्या. "ओला कचरा? साली-देठं तर शेळीवाल्या मावशी नेतात की!"

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच, वर चहा. साठ घरं फिरून बादलीत पडली कांद्याची मूठभर टरफलं.

मुलगी बुचकळ्यात पडली. तिनं मंडळाच्या सरांना गाठलं. "सर, लोक कचरा लपवत तर नसतील?"

सरांनी पत्रक वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "छापलंय म्हणजे असणारच. जरा नेटानं मागा."

मग मंडळानं गावाला गळ घातली. "गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, काकू!" गाव भोळं. पोरांचं मन कसं मोडायचं? बायका दोडक्याची साल जाडजाड काढू लागल्या. कोणी अर्धा कोबीच बादलीत टाकला, कोणी कालची भाकरी. खड्डा भरत चालला. मुलीला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण कोबीकडे बघून तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. काय चुकतंय ते मात्र कळत नव्हतं.

शेळीवाल्या मावशींना गुडघ्यांमुळे रानात जाणं होत नसे. म्हणून त्या रोज डोक्यावर पाटी घेऊन घरोघरची देठं गोळा करायच्या आणि आपल्या कवडी नावाच्या शेळीला घालायच्या. दुधावर मावशींची चूल चालायची. कवडीच्या लेंड्या त्या ज्याच्या त्याच्या परसात खताला देऊन यायच्या. हे इतकं रोजचं होतं, की गावात कुणी त्याला काम म्हणत नसे. आता त्यांची पाटी रिकामी परतू लागली. कवडीचं दूध आटलं.

तपासणीचा दिवस उजाडला. मुलं खड्ड्यापाशी धावली आणि बघतात तर काय, खड्डा हातभर खाली बसला होता.

"काल तर भरला होता!"

"कुणी नेला का?"

"कचरा कोण चोरेल, शहाण्या?"

कचरा कुजला की खाली बसतो, हे कुणाच्याच ध्यानात येईना. तरी धीर होता, कारण आज प्रत्येक घराकडून दुप्पट मागून आणलं होतं. बादल्या ओतल्या की काम झालं. एवढ्यात रस्त्यानं मावशी आल्या. डोक्यावर सवयीनं घेतलेली रिकामी पाटी, हातात दोरी, दोरीला कवडी. कवडीच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"मावशी, हिला कुठं नेताय?" मुलीनं विचारलं.

"बाजारात, बाय. घरोघरचं खाणं आता तुमच्या खड्ड्यात जातंय. तुमचं काम मोठं हाय, त्याला माझी ना न्हाई. पर हिला उपाशी बघवत न्हाई. कुणाच्या तरी दावणीला पोटभर खाईल."

मावशींच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच मुलीला रडू आलं. तिनं खड्ड्याकडे पाहिलं, बादल्यांकडे पाहिलं. खत करायचं चांगलंच, मग हे असं कसं झालं? तिला काही म्हणजे काही कळेना. पण कवडी उपाशी आहे, एवढं तिला कळत होतं.

"बादल्या ओतू नका," ती म्हणाली. "मावशींच्या पाटीत भरा."

"अगं, साहेब येतायत! ढाल जाईल!"

"जाऊ दे."

मुलांनी कुरकुरत बादल्या रिकाम्या केल्या. मावशी कवडीला घेऊन माघारी फिरल्या.

दहाला साहेब आले. खड्ड्यात वाकून पाहत म्हणाले, "हा तर भरलेला नाही. बाकीचा ओला कचरा कुठाय?"

"साहेब, आमच्या गावात ओला कचरा नाहीच."

"असं कसं? पत्रकात तर..." साहेबही गोंधळले. "मग तुमच्या मंडळानं इतके दिवस केलं काय?"

मुलीची मान खाली गेली. "आम्ही कचरा तयार केला, साहेब. आजपासून बंद केलाय."

साहेबांनी बराच वेळ कागद चाळला. असं उत्तर लिहायला त्यात रकानाच नव्हता. शेवटी त्यांनी गुणांच्या जागी शून्य लिहिलं. ढाल शेजारच्या गावाला गेली, कारण तिथं कचरा भरपूर होता.

संध्याकाळी सर मुलीला म्हणाले, "मला अजून कळत नाही, आपण हरलो की जिंकलो?"

"मलाही नाही कळत, सर. पण कवडी बाजारात गेली नाही."

तात्पर्य एवढंच: गावाला शिकवायला निघण्याआधी गावाला काय येतं ते बघून घ्यावं.