जोगडोंगराचं तिसरं वळण

एका राज्यात, जिथे दगड हाकेला ओ देत आणि पाखरं माणसांसारखी भांडत, तिथे वज्रसेन नावाचा राजा होता. राजा शूर, राजा दानी, पण ताठ्याचा धनी. त्याच्या घराण्याची रीतच तशी. राजाच्या पुढे कोणी पाऊल टाकायचं नाही आणि राजानं मागे वळून पाहायचं नाही. वाडवडिलांची रीत! तिला हात कोण लावणार?

त्याच राज्यात दुसरी एक रीत होती, ती गोड होती. थंडी पडली, गवत पिवळं झालं, की राजानं गावोगावची लहान मुलं घेऊन जोगडोंगर चढायचा. माथ्यावर जोगिणीचं ठाणं होतं. तिथली माती मुलांच्या तळपायांना लावायची, गूळखोबरं वाटायचं आणि हसतखेळत उतरायचं. लेकरांचे पाय बळकट व्हावेत, एवढंच मागणं.

एका वर्षी राजाची एकुलती एक लेक केतकी हट्टानं निघाली. दुधाचे दातही न पडलेली पोर, पायांत घुंगरांचे वाळे. राजा ढांगा टाकत पुढे, पोरंटोरं धापा टाकत मागे, आणि सगळ्यांच्या मागे केतकी. पहिल्या वळणावर ती हसत म्हणाली, "बाबा, थांबा!" दुसऱ्या वळणावर दमून म्हणाली. तिसऱ्या वळणावर रडत म्हणाली. राजानं तिन्ही वेळा ऐकलं बरं! ऐकू आलं नाही, असं खोटं कशाला सांगू? पण राजा मागे वळणार कसा? "येईल मागाहून," तो म्हणाला आणि चालत राहिला.

माथ्यावर गूळ वाटायला तो मुलांकडे वळला, तेव्हा केतकी नव्हती.

डोंगर पिंजून काढला. तिसऱ्या वळणावर एक वाळा सापडला. पोर नाही, की पोरीचं चिरगूट नाही. तेव्हा ठाण्यावरची जोगीण उठून उभी राहिली. तिचे केस जमिनीला लागत होते आणि त्यांत मधमाश्यांनी पोळं केलं होतं. ती म्हणाली, "राजा, लेकराच्या हाकेला तू थांबत नाहीस. मग तुझ्या राज्यात लेकरांनी चालून तरी काय करायचं?"

झालं! त्या घटकेपासून राज्यातल्या मुलांच्या पायांतलं बळ गेलं. चालणारी रांगू लागली, रांगणारी बसून राहिली. अंगणं मुकी झाली. वैद्य आले, मांत्रिक आले, गंडेदोरे झाले, गुण शून्य. राणी दिवसभर तो एक वाळा मांडीवर घेऊन बसे. राजाला ती एकच म्हणाली, "तुम्ही ऐकलं होतंत." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

अशी वर्षं गेली. राजाची दाढी पांढरी झाली. एका सकाळी सज्ज्यावर भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि लाल डोळा रोखून म्हणाला, "राजा, शाप फिटेल. तीन गोष्टी कर. मुलं डोंगरपायथ्याशी ने, तिथल्या मातीवर त्यांना चालता येईल. पण मुलं पुढे आणि तू मागे. तू पुढे गेलास की ती कोसळतील. ही पहिली. लवकर चला, असा शब्द काढायचा नाही. ही दुसरी. आणि तिसऱ्या वळणावर तुझ्याकडे जे मागितलं जाईल, ते द्यायचं."

"काय मागतील?"

"ते मागणाऱ्याला ठाऊक," म्हणत पक्षी उडाला.

राजाला वाटलं, राज्य मागतील. त्यानं मुकुट कमरेच्या शेल्यात बांधून घेतला. प्रधान कळवळून म्हणाला, "महाराज, आपण पोरांच्या मागून? लोक काय म्हणतील?" राजा म्हणाला, "लोकांची लेकरं बसून आहेत, प्रधानजी. लोक काही म्हणणार नाहीत."

आया मुलांना कडेवर घेऊन पायथ्याशी आल्या. मुलांना मातीवर ठेवलं, आणि ती उभी राहिली. सगळ्यांत धाकटी कुंभाराची यसू. ती पुढे लागली आणि तिच्या पावलांनी सगळा तांडा निघाला. काय सांगावी ती चाल! यसू मुंग्यांची रांग बघायला बसली, की राजाही उभा. यसूनं झऱ्यात हात घातला, की राजाही उभा. "राजा, बघ, दगडात चांदी!" ती ओरडे. राजा वाकून अभ्रकाचा तुकडा बघे आणि म्हणे, "बघितली हो." त्याच्या जिभेवर दहादा आलं, चला, चला! दहादा त्यानं ते गिळलं. आपल्या लेकीनं याच वाटेवर काय काय दाखवायचं ठेवलं असेल, हे तेव्हा त्याला कळलं आणि त्याचं काळीज फाटलं.

तिसरं वळण आलं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. राजानं शेल्याची गाठ सोडली, मुकुट हातात घेतला. तेवढ्यात मागून हाक आली, "बाबा, थांबा!"

तोच आवाज. तितकाच लहान.

मुकुट हातातून सुटला आणि घरंगळत दरीत गेला. राजानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं पुढे ओरडून सांगितलं, "मुलांनो, थांबा रे. माझी लेक मागे राहिलीय." मग तो मागे वळला. वाट रिकामी होती. रिकाम्या वाटेकडे हात पुढे करून तो म्हणाला, "थांबलोय गं बाय. ये सावकाश. मी थांबलोय."

घुंगरांचा एक वाळा वाजत वाजत जवळ आला. एक गार, इवलासा हात राजाच्या हातात आला. दिसलं मात्र काहीच नाही. राजा रडत होता आणि चालत होता, त्या हाताला जमेल तसा. यसूनं मागे वळून विचारलं, "राजा, ही कोण?" मुलांना दिसत होती म्हणायची. राजा म्हणाला, "ही केतकी. दमलीय. हळू चालू या."

माथ्यावर जोगिणीनं मुलांच्या पायांना माती लावली. शेवटी राजाच्या शेजारच्या रिकाम्या जागी ती वाकली आणि तिथेही लावली. राजाला कानाशी ऐकू आलं, "पोचले, बाबा." हातातला हात सुटला. मूठ उघडली, तर आत दुसरा वाळा.

शाप फिटला. त्याच दुपारी घरोघरी मागे राहिलेली मुलंही उठून उंबऱ्याबाहेर धावली आणि आया पदर तोंडाला लावून रडल्या. राजानं वाळा राणीच्या मांडीवर ठेवला. तिनं जोडीला जोड लावली आणि कितीतरी वर्षांनी त्याला विचारलं, "फार दमली होती का हो?"

त्या राज्यात आजही थंडीत मुलं डोंगर चढतात. सगळ्यांत धाकटं पुढे, राजा सगळ्यांच्या मागे. तिसऱ्या वळणावर सगळे थांबतात. तेव्हा जो कोणी राजा असेल तो मागे वळतो आणि रिकाम्या वाटेकडे हात पुढे करून थोडा वेळ उभा राहतो.