डाव्या काठाबाहेरची खिडकी

त्या राज्यात प्रत्येक मोठ्या माणसाचा उजेड वेगळा होता. राज्य एका भल्यामोठ्या पटावर रंगवलेले होते, तिथली माणसेही रंगवलेलीच होती, आणि दरबारात कुणाला मानाची जागा मिळाली की तिच्याबरोबर स्वतःचा एक दिवा मिळे. दिवा कुठून लावायचा ते ज्याचे त्याने ठरवावे. कारभारी अमृतरावांना समोरून आवडे, म्हणून त्यांचा समोरून. सेनापतींना उजवा गाल दाखवण्याची भारी हौस, म्हणून त्यांचा उजवीकडून. राणीसाहेबांच्या कानातल्या कुड्यांना तर दोन दिवे होते, एक वरून आणि एक खालून. त्यामुळे एकाची सावली मागे, दुसऱ्याची पुढे, तिसऱ्याची आडवी. काहींना सावली म्हणजे कमीपणा वाटे. ते ती पुसूनच घेत. या सगळ्यावर देखरेख करायला एक दीपाध्यक्ष होता आणि त्याची ऐट अमृतरावांपेक्षा कांकणभर जास्तच होती.

एवढ्या थाटात अडचण एकच होती. दरबारात कुणाचेही पाय जमिनीला टेकत नसत. माणसे बोटभर वर तरंगत, सिंहासनही तरंगे. पण सवयीपुढे कुणाचे काय चालते? दरबारी मंडळी त्यालाच खानदानी चाल म्हणत. चौफेर उजेडाने चेहरे भाकरीसारखे सपाट झाले होते, त्याला ते तेज म्हणत. म्हणोत बापडे!

दिवा नव्हता तो फक्त भिवराला. ती पटाच्या डाव्या कोपऱ्यात, खाली फरशीला टेकलेल्या जात्यावर दळत बसलेली असे. दळणाऱ्या बाईला दिवा कशाला, असे म्हणायचेसुद्धा कुणाच्या मनात आले नव्हते, इतकी ती विसरलेली होती. तिच्यावर उजेड पडे तो एका खिडकीतून, आणि ती खिडकी राज्यात नव्हतीच. डाव्या काठाच्या बाहेर कुठेतरी होती. त्या उजेडात भिवरा अर्धी उजळ आणि अर्धी अंधारी दिसे, आणि तिची सावली फरशीवरून लांबत जाऊन थेट अमृतरावांच्या अंगरख्याच्या घोळाला लागे.

वर्षातून एकदा राज्यापुढचा पडदा सरके आणि पाहणारा येई. तो समोर उभा राही, डोळे बारीक करी आणि पुढे निघून जाई. दोन वर्षे असेच झाले. मग पडद्यामागून निरोप आला, की तिसऱ्या खेपेलाही पाहणारा थांबला नाही, तर सगळ्या पटावर चुना फिरवला जाईल. दरबाराच्या तोंडचे पाणी पळाले.

दीपाध्यक्षाने फर्मान काढले: प्रत्येकाच्या दिव्याची वात वाढवा. त्याने उजेड वाढला आणि माणसे आणखी बोटभर वर गेली. तरी धीर येईना. मग सगळ्या झगमगाटात त्याला एक काळा डाग दिसला. "हेच ते! या बाईची सावली कारभाऱ्यांच्या वस्त्राला विटाळते, म्हणून पाहणारा थांबत नाही." चोर सोडून संन्याशाला सुळी, ही रीत त्या राज्यातही चांगली मुरलेली होती. भिवराची सावली खरवडून काढायचे ठरले.

काम मल्हारबांकडे आले. ते दरबारचे म्हातारे कारागीर. पटावर नको असलेले रंग सुरीने खरवडण्यात हयात गेलेली. भिवराने जाते थांबवले नाही. "बाबा, सावली काढली तर माझं जातं बसंल कुठं? तरंगत्या जात्यात दाणा भरडत नाही."

"माझ्या हातात काय आहे, पोरी? हुकूम आहे." मल्हारबा खाली बसले.

आता, त्या राज्यात डोळे बारीक करून मोठ्यांकडे पाहणे हा गुन्हा होता. का, ते कुणी विचारत नसे. पण सावली नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बघायला कारागिराला डोळे बारीक करावेच लागतात. तसे केले की बारीकसारीक नक्षी विरते आणि मुख्य तेवढे उरते. मल्हारबांनी डोळे किलकिले करून भिवराची सावली मापली, नजर घोळापर्यंत नेली आणि तशीच वर उचलली. हातातली सुरी गळून पडली.

"अगं भिवरे," ते ओरडले, "इथं तू एकटीच आहेस की!"

दरबारात हलकल्लोळ माजला. सेनापतींनी तलवार उपसली. दीपाध्यक्ष म्हणाला, "म्हातारा चळला आहे." अमृतरावांनी शेजारचे घासलेले पितळी तबक उचलले, त्यात आपला चेहरा धरला आणि जन्मात पहिल्यांदा डोळे बारीक केले. नाक विरले, डोळे विरले, पगडी विरली. तबकात नुसता एक दिवा होता. अमृतराव घाबरले, इतके घाबरले की मानपान विसरून तरंगत तरंगत त्या कोपऱ्यात आले.

"भिवराबाई, आम्ही गेलो कुठे?"

"सरकार, तो दिवा मालवा आधी. मग या इकडं, खिडकीच्या उजेडात."

"अर्धा चेहरा काळा पडेल!"

"पडंल की. पण अर्धाच पडंल. आत्ता पुरता गेलाय."

अमृतरावांनी दिवा मालवला. चेहऱ्याचे एक अंग अंधारात बुडाले आणि त्यांना रडूच कोसळले. पण त्या अंधाऱ्या बाजूलाच भिवराच्या पिठाचा ढीग होता. ढिगावर पडलेले ऊन हलकेच उसळले आणि अंधाऱ्या गालावर येऊन बसले. गाल गोल झाला. चेहऱ्याच्या मधोमध चांगले धारदार नाक उभे राहिले. आणि मग टाच टेकली. फरशी थंडगार होती.

"अरे!" अमृतराव म्हणाले आणि लहान मुलासारखे पाय आपटू लागले. "अरे, जमीन आहे! खाली जमीन आहे!"

ते आपल्या जागेवर परतले ते चालत. पावलांचा आवाज दरबाराने कधी ऐकला नव्हता. मग एकेक दिवा विझू लागला. सेनापती सर्वांत जास्त कुरकुरले, कारण त्यांचा लाडका उजवा गालच अंधारात जाणार होता. गेला तेव्हा मात्र त्यांची छाती पहिल्यांदा भरदार दिसली आणि ते गप्प झाले. राणीसाहेबांची एक कुडी काळोखात गेली, तशी दुसरी अशी चमकली की त्यांनी हात लावून पाहिला. धप्, धप्, माणसे जमिनीवर उतरत होती. सिंहासन उतरले ते दाणकन. दिवे कमी झाले तसा खिडकीचा उजेड पटाच्या उजव्या टोकापर्यंत पोहोचला. तो होताच, फक्त दिव्यांनी त्याला दाबून टाकले होते. शेवटी दीपाध्यक्ष एकटाच आपला दिवा कवटाळून तरंगत राहिला. खालून कुणी हसले नाही, हे त्याला जास्त लागले. त्याने स्वतःच फुंकर मारली.

पडदा सरकला.

पाहणारा आला, नेहमीच्या जागी उभा राहिला आणि त्याने डोळे बारीक केले. मल्हारबांनी मनातल्या मनात देव आठवले. कुणीही विरले नाही. सगळे जिथल्या तिथे, सगळ्यांच्या सावल्या एकाच दिशेला पडलेल्या, आणि भिवराची सावली अमृतरावांच्या घोळावर तशीच.

पाहणाऱ्याने डोळे उघडले आणि पुन्हा बारीक केले. तो दोन पावले जवळ आला. मग तो पटाच्या डाव्या टोकाला गेला आणि चौकटीबाहेरच्या कोऱ्या भिंतीवर तळहाताने चाचपू लागला, वर, खाली, पुन्हा वर. असे करताना त्याने दुसरा हात डोळ्यांवर आडवा धरला होता, ऊन लागू नये म्हणून.