एकोणीस फ्रेम

"पण आक्का, तो माझ्याकडंच का बघतो?"

शार्दूल केंजळेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. हौसाक्का भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान काही वर केली नाही.

"लॅपटॉप बंद केला, की काळ्या काचेत त्याचा चेहरा असतो," शार्दूल म्हणाला. "सकाळी दाढी करताना आरशात... माझ्या खांद्यामागं. तीन दिवस झाले. आक्का, मला भीती वाटायला लागलीय हो."

"कोन त्यो?"

"ट्रेलरमधला म्हातारा."

हौसाक्कांनी सूप बाजूला सारलं.

आता या हौसाक्का म्हणजे कोल्हापुरात सिनेमा रिळांवर चालायचा, तेव्हाच्या. निगेटिव्ह कापायचं काम. चाळीस वर्षं हातात पांढरे सुती मोजे घालून कात्री चालवली, पण फिल्मवर कधी ओरखडा पडू दिला नाही. शार्दूल दोन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला. मग मुंबईला जाऊन ट्रेलर कापू लागला, बघता बघता त्याचं नाव झालं. आणि नाव झाल्यावर जुना रस्ता कशाला आठवतोय! सहा वर्षांनी आज पहाटे मिळेल ती गाडी धरून आला होता, तेसुद्धा जीव घाबरा झाला म्हणून.

"दाखव," त्या म्हणाल्या.

शार्दूलनं खिडकी लावून घेतली. दुपारचं ऊन फटीतनं आत येतच होतं. ट्रेलर सुरू झाला.

रिकामा झोपाळा एकटाच हलत होता. मग एका म्हाताऱ्याचा चेहरा. कॅमेरा हळूहळू त्याच्या डोळ्यांकडं सरकत गेला. खालून कुठून तरी घुमल्यासारखा आवाज आला, त्यात विळीला धार लावावी तशी करकर. आणि एकदम काळोख.

"या जागेला सगळे दचकतात," शार्दूल म्हणाला. तेवढ्यापुरती त्याची भीती कुठल्या कुठं पळाली होती. "निर्माते म्हणाले, शार्दूल, एका सेकंदात खुनी उभा केलास लेका!"

"शिनेमात खुनी हाय व्हय त्यो?"

"छे! विहिरीकाठी बसून असतो, बस्स. पण ट्रेलर बघताना लोकांना संशय यायला नको का?"

"आवाज बंद कर."

त्यानं केला.

"झोपाळा काढ."

काढला.

"कॅमेरा पुढं सरकतोय, ते कॅमेऱ्यानं केलंय का तू?"

"मीच. नंतर, कॉम्प्युटरवर."

"काढ की मग."

शार्दूलनं तेही काढलं. स्वतःचंच घर उतरवून ठेवल्यासारखं त्याला वाटत होतं.

"आता काय दिसतंय?"

"म्हातारा."

"खुनी?"

"...नाही."

"मग गेला कुठं?"

शार्दूलनं तो तुकडा पुन्हा एकदा चालवून बघितला.

"किती फ्रेम घेतल्यास त्याच्या?"

"एकोणीस. धड सेकंदसुद्धा नाही."

"आन् अलीकडं-पलीकडं काय हुतं?"

"आठवत नाही."

हौसाक्कांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. शार्दूलचे कान तापले. दोन्ही बाजूंच्या फ्रेम बघितल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा या घरातला पहिल्या दिवशीचा धडा होता.

"अहो, शॉट सुरू व्हायच्या आधीचं आहे ते," तो घाईघाईनं म्हणाला. "ॲक्शन म्हणायच्या आधीच कॅमेरा चालू झाला होता. माणूस अभिनय करत नसतो ना, तेव्हाच असली नजर सापडते. आम्ही तसल्याच जागा शोधत असतो. आवाज बंद ठेवून."

"नाव काय त्याचं?"

"ईश्वरा चौगले. राधानगरीकडच्या वाडीतले. शूटिंग तिथंच होतं, म्हणून गावातलेच घेतले." तो जरा थांबला. "गेल्या महिन्यात गेले ते."

"आन् घरी कोन हाय त्याच्या?"

"काल त्यांच्या बायकोचा फोन आला होता. संध्याकाळी सहाला ट्रेलर येणार ना, म्हणून विचारत होत्या. अख्खी वाडी गोळा करणार आहेत म्हणे. मालकांचं तोंड एकदा बघायचंय म्हणाल्या."

"आन् तू त्या माउलीला ह्ये तोंड दाखवनार."

"मग काय करू मी?" शार्दूलचा आवाज चढला. "सगळा ट्रेलर त्या नजरेवर उभा आहे! ती काढली तर मागं राहतं काय?"

हौसाक्का उठल्या. कपाटातनं त्यांनी मोजे काढले. ते आता पांढरे राहिले नव्हते, पिवळे पडले होते. एकेक बोट नीट ओढत त्यांनी ते घातले आणि मगच लॅपटॉपला हात लावला. एरवी शार्दूलला हसू आलं असतं. आज त्याच्या अंगावर काटा आला.

"सगळा शॉट लाव. आवाजासकट."

तो अख्खा शॉट चार मिनिटांचा होता. ईश्वराबापू भर उन्हात दगडावर बसलेले. लांब कुठं तरी म्हैस हंबरली. लाइटवाल्यांची आरडाओरड चालली होती. बापूंनी एकदा आभाळाकडं बघितलं, मग सावकाश डोळे इकडं वळवले. कॅमेऱ्यात नाही, त्याच्या जरा शेजारी. त्यांचे सुकलेले ओठ हलले.

"बाळा, वाईच पानी मिळंल का रं?"

कॅमेऱ्याशेजारनं एक तरुण आवाज आला. "काका, हलू नका. उजेड बसवतोय. एवढं झालं की देतो."

आवाज शार्दूलचाच होता.

त्या दिवशी ट्रेलरसाठी फ्रेम बघायला म्हणून तोही शूटिंगला गेला होता, कॅमेऱ्याजवळच उभा होता. हे तो साफ विसरून गेला होता.

ईश्वराबापू हलले नाहीत. हलू नका म्हटलं होतं ना, म्हणून हलले नाहीत. नुसते बघत राहिले. एक मिनिट... दोन मिनिटं. नजर काढली तर पोरगा विसरून जाईल, अशा भीतीनं बघत राहिले. त्यातच कुठं तरी त्या एकोणीस फ्रेम येऊन गेल्या. कुठल्या, ते शार्दूलला ओळखूसुद्धा आलं नाही.

मग कुणी तरी ॲक्शन म्हणून ओरडलं, थोड्या वेळानं कट म्हणून ओरडलं आणि शॉट संपला. पडदा काळा झाला.

"म्हणजे आक्का..."

"व्हय," हौसाक्का म्हणाल्या. "तुज्याकडंच बघत हुता."

"मी दिलं नाही, आक्का. एवढं साधं पाणी... देतो म्हणालो आणि दिलं नाही." शार्दूलनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

हौसाक्कांनी त्याची समजूत घातली नाही. मोजे काढून त्यांची घडी घातली, आत गेल्या, माठातनं पाणी काढलं. भरलेला पेला त्यांनी आणला आणि शार्दूलला न देता त्या काळ्या पडद्यासमोर ठेवला.

फोन वाजला. निर्माते होते.

"शार्दूल, अरे चार वाजले! पाठवतोस ना?"

"नाही," शार्दूल म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. "आज नाही पाठवत. त्यात ईश्वराबापू चुकीचे लागलेत."

पलीकडनं शिव्यांचा भडिमार सुरू झाला. शार्दूलनं तो दोन मिनिटं ऐकला आणि फोन पालथा घातला.

खोलीत आता काही वाजत नव्हतं. बघायचं नाही असं ठरवूनही त्याची नजर पडद्याकडं गेलीच.

काळ्या काचेत तो स्वतः होता. मागं हौसाक्कांचे पांढरे केस होते. आणि दोघांच्या मधे तो चेहरा होता... तोच.

पण आज तो शार्दूलकडं बघत नव्हता. डोळे खाली होते. पेल्यावर.

शार्दूलच्या तोंडाला कोरड पडली. लॅपटॉप मिटून टाकावा म्हणून त्यानं झटकन हात पुढं केला.

हौसाक्कांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब रं," त्या हळूच म्हणाल्या. "पिऊन होऊ दे त्याचं."