दगडाच्या बैलाला आवतण

आधीच हात जोडतो. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील. शाळा लवकर सुटली, मोठे शब्द शिकायचे राहून गेले. बहिणीची लेकरं अंथरुणावर पडली की मी त्यांना ही गोष्ट सांगतो, तशीच इथं उतरवली आहे. सांभाळून घ्या.

तर लेकरांनो, पाय पोटाशी घ्या आणि ऐका.

एकदा काय झालं, एका गावात एक मुलगी होती. मथी तिचं नाव. मथी फार भित्री, बरं का. कोंबड्यानं पंख फडफडवले की भ्यायची. विहिरीत डोकवायला भ्यायची. गावाची शीव तर तिनं कधी ओलांडलीच नव्हती. तिच्यापाशी एक लाकडी बैल होता. पांढरा रंग, लाल शिंगं, पायाखाली चार चाकं आणि उंची वीतभर. म्हणून त्याचं नाव चिमण्या. आणि खरं सांगू का? चिमण्या मथीहूनही भित्रा होता. पण तो लाकडाचा. लाकडाचं भय कुणाला दिसत नाही.

त्या गावाला दरवर्षी श्रावणात सोनबा कासार यायचा. बैलगाडीत काकणांच्या पेट्या, संगं बायको कौसा आणि मुलगी रेवू. रेवू म्हणजे नुसता वारा. सारा मुलूख फिरलेली पोरगी. ती मथीला म्हणाली, "चल ना वं आमच्यासंगं. तळं दाखवते, किल्ला दाखवते."

"नको माय! तिकडं काही असलं तर?"

"काही म्हणजे काय?"

"तेच तर ठाऊक नाही ना!"

रेवू हसून हसून लोळली. मथीला मात्र एक युक्ती सुचली. ती म्हणाली, "तू माझ्या चिमण्याला ने. त्याला सारं दाखव. तो येऊन मला सांगेल. मग मी ठरवीन, भ्यायचं का नाही ते."

"नेते. पाहुणा म्हणून नेते," रेवू म्हणाली. "तान्ह्या पोळ्याला तुझ्या हातात आणून देते."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा असतो, तोच तान्हा पोळा. लाकडाचे बैल सजवून लेकरं ओळीनं उभी राहतात. त्या दिवसाच्या आत चिमण्यानं परत यायचं, असं ठरलं.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. खेळण्याचं पोट पोकळ असतं. ते जे जे पाहतं, ते पोटात जाऊन बसतं. मग ते आपल्या माणसाच्या कानात सांगतं. पण एकदा सांगितलं की पोटातून गेलं. पेरलेलं बी पुन्हा कणगीत सापडतं का? तसंच ते.

मग गाडी निघाली. चिमण्या रेवूच्या मांडीवर. कौसा जेवायला वाढायची तेव्हा भाकरीचा पहिला तुकडा चिमण्यापुढं ठेवायची. पाहुणा आधी! सोनबा म्हणायचा, "खात नाही, हगत नाही, रात्री घोरत नाही. असा पाहुणा रोज येवो बाप्पा!"

पहिलं आलं तळं. त्याला पलीकडचा काठच नव्हता. रेवूनं चिमण्याला पाण्यावर धरलं. खाली पाहतो तर काय, दुसरा एक चिमण्या चाकं वर करून लोंबकळतोय आणि त्याच्याखाली खोल खोल आभाळ. आपण आता त्या आभाळात पडणार, असं त्याला वाटलं. पण पडला नाही.

मग आला किल्ला. दरवाज्यावर दगडी सिंह, सिंहाच्या पंजाखाली दगडी हत्ती. हत्तीची ही गत, तर माझं काय? गाडी पंजाखालून जाताना चिमण्याचं लाकूड आतून तडतडलं. पलीकडं मात्र राजाच्या बैठकीवर एक शेळी बसून गवत चघळत होती. तिनं यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग आलं बांबूचं बन. भुंग्यांनी बांबू पोखरलेले, त्यातून वारा शिरला की सारं बन शीळ घालायचं. माणूस दिसत नाही आणि चहूकडून शीळ! पेट्यांतली काकणंसुद्धा आपोआप किणकिणायला लागली. चिमण्या इतका भ्याला, इतका भ्याला, की त्याला ते फार आवडलं. कसं ते विचारू नका. असं होतं कधी कधी.

बनाच्या पल्याड, गावाकडं परतायच्या वाटेवर, एक पडकं देऊळ होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना, गाडी तिथं थांबली. देवळाला छप्पर नाही, गाभाऱ्यात देव नाही. समोर फक्त एक दगडाचा बैल. गाडीएवढा मोठा. पाठीवर शेवाळ, तोंड गाभाऱ्याकडं. कुणास ठाऊक किती काळापासून तो त्या रिकाम्या भिंतीकडं बघत बसला होता.

सोनबानं बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकले. हळद आणि लोणी लावून चोळले. मग एकेकाच्या कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आपल्याकडं बैलाला असंच जेवायला बोलावतात ना? रेवूनं चिमण्याच्या खांद्याला बोटभर लोणी लावलं आणि त्यालाही आवतण दिलं.

मग तिचं लक्ष गेलं दगडाच्या बैलाकडं. "याला बिचाऱ्याला कोण बोलावणार?" असं म्हणत ती चिमण्याला घेऊन वर चढली. हळदीच्या हातानं तिनं तो शेवाळलेला खांदा चोळला. कानाशी वाकली आणि म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

आणि चिमण्यानं पाहिलं. दगडाचा कान हलला.

सोनबाला कळलं तेव्हा त्याच्या हातातली लोण्याची वाटी खाली पडली. "पोरी, काय करून बसलीस! आवतण दिलं की पोटभर जेवू घालावं लागतं. म्हातारे सांगायचे, या बैलाला कुणी बोलवायचं नाही. दिवस मावळेपर्यंत त्याचं पोट भरलं नाही, तर बोलावणारा त्याच्यासारखाच होतो आणि त्याच्याशेजारी बसतो."

"दगड कुठं जेवायला येतो?" कौसा म्हणाली. पण बोलता बोलता तिनं रेवूला जवळ ओढलं.

रेवूनं चिमण्याला त्याच हळदीच्या हातात धरलं होतं. ती म्हणाली, "माय, माझी बोटं गार पडलीत."

सकाळी उठून पाहतात, तर रेवूची बोटं करडी झालेली. दगडाची! मूठ उघडेना. आणि मुठीत कोण? चिमण्या. त्याला चहूबाजूंनी ती गार, जड बोटं लागत होती. हिचा दगड झाला, तर मीही इथंच. मग मथीला कोण सांगणार?

"गाडी जुंपा! पळा इथून!" कौसा ओरडली.

सोनबानं जू उचललं, आणि तसंच खाली ठेवलं. आज पोळा होता, बरं का. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. कितीही मोठं संकट आलं तरी ठेवत नाहीत. आणि पायी जावं, तर तो जड झालेला हात उचलून रेवूला एक पाऊल टाकता येईना.

मग कौसानं डोळे पुसले आणि चूल पेटवली. होतं नव्हतं तेवढं पीठ मळलं. पुरण घातलं.

दुपार झाली. आधी जमीन हलली. धप्प. मग झाडांवरचे पक्षी उडून गेले. धप्प. मग देवळाकडून तो आला. चालताना त्याच्या अंगावरून माती गळत होती. चुलीपाशी येऊन थांबला आणि एकच शब्द बोलला.

"भूक."

कौसानं पुरणपोळ्यांचं पातेलं पुढं केलं. एका घासात संपलं. "भूक." रेवूचं मनगट करडं झालं. तिची काकणं आधी किणकिण वाजायची, ती आता ठक ठक वाजायला लागली.

सोनबानं गाडीतला सारा कडबा ओढून टाकला. तोही संपला. "भूक." रेवूच्या कोपरापर्यंत दगड चढला.

मग सोनबाचे दोन्ही बैल आपणहून पुढं आले आणि आपल्या वाटची पोळी त्यांनी नाकानं त्याच्याकडं ढकलली. सणाची पोळी हो! ती त्यानं खाल्ली. "भूक." दगड खांद्याला भिडला. कौसा रेवूला मिठी मारून बसली. सोनबा नुसता उभा. त्याच्यापाशी देण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ऊन तिरपं झालं.

चिमण्या मुठीतून सारं बघत होता. डोळे मिटावे म्हटलं, तर लाकडाला पापण्या कुठल्या? म्हणून त्याला बघावंच लागलं. आणि बघता बघता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. हा बैल जेवताना अन्नाकडं बघतच नाही! धूर वर गेला की त्याचं तोंड चावायचं थांबतं. एखादा पक्षी दिसला की थांबतं. काकणांवर ऊन चमकलं तेव्हा तर त्याचा घास तोंडातून पडला.

बाई गं, चिमण्या मनात म्हणाला. भूक पोटाची नाहीच याची. याची भूक डोळ्यांची आहे.

आणि लगेच त्याला वाटलं, हे कळलंच नसतं तर बरं. कारण पाहिलेलं सारं त्याच्याचपाशी होतं. आणि ते मथीचं होतं.

तो पुष्कळ भ्याला. मोठ्या बैलाला भ्याला, आणि मथीच्या तोंडाकडं बघावं लागेल म्हणून त्याहून जास्त भ्याला. पण रेवूचा श्वास आता दगड घासल्यासारखा येत होता. मग लाकडाचा बैल दगडाच्या बैलाशी बोलला. घडवलेला घडवलेल्याशी बोलू शकतो ना.

"आजा," तो म्हणाला, "तळं जेवता का?"

दगडाचा बैल थांबला. खाली वाकला. त्याचं नाक चिमण्याएवढं होतं. चिमण्यानं त्याला तळं सांगितलं. नसलेला काठ, उलटा चिमण्या, खालचं आभाळ. आजाचे डोळे ओले झाले आणि शेवाळ हिरवंगार झालं. रेवूचा खांदा सुटला.

मग किल्ला सांगितला. सिंह सांगितला, पंजा सांगितला, शेळी सांगितली. शेळी ऐकून आजा इतका हसला की देवळाचा एक चिरा निखळला. रेवूचं कोपर सुटलं, मनगट सुटलं. बोटं तेवढी राहिली.

"आजा, एवढं राहू द्या," चिमण्या म्हणाला. "एक तरी मला मथीला न्यायचं आहे."

पण सूर्य झाडाला टेकला होता, आणि दगड बोटांतून पुन्हा वर सरकायला लागला.

मग चिमण्यानं बांबूचं बन सांगितलं. सगळं सांगितलं. शीळ, वारा, किणकिण, अगदी आजाचा हललेला कानसुद्धा. सांगता सांगता त्याचं पोट रितं होत गेलं. रितं, रितं. आणि रेवूची मूठ उघडली.

आजानं मोठा ढेकर दिला. मग त्यानं जिभेवरचं काहीतरी चिमण्याच्या पोटात परत थुंकलं. "हे तुझं भय. सगळीकडं चिकटून आलं होतं. मला नको. त्यानं पोट भरत नाही." असं म्हणून तो वळला आणि धप्प धप्प चालत जागेवर गेला. पण या वेळी तो रस्त्याकडं तोंड करून बसला. आजही तसाच बसलेला आहे म्हणतात.

कौसानं रेवूची बोटं एकेक करून मोजली, मग तिला एक चापट मारली, मग पोटाशी धरून रडली. आया अशाच असतात.

दुसऱ्या दिवशी सोनबानं पहाटेच गाडी जुंपली. गावात पोचले तेव्हा लेकरं आपापले बैल घेऊन तोरणाखाली उभी होती. मथी दाराआड होती. तिनं चिमण्याला घेतलं आणि कानाशी लावलं.

"सांग."

चिमण्या पोटात शोधू लागला.

"तळं कसं होतं?"

"आठवत नाही."

"किल्ला?"

"आठवत नाही, मथे."

मथीचे डोळे भरून आले. "मग इतके दिवस तू केलंस काय?"

चिमण्यानं आपलं पोट चाचपलं. तिथं ती एकच गोष्ट उरली होती. "भ्यालो," तो म्हणाला. "पुष्कळ भ्यालो."

"मग?"

"मग परत आलो."

मथीनं त्याला फिरवून फिरवून बघितलं. त्याची दोन्ही शिंगं जागच्या जागी होती. चारही चाकं होती. मग तिनं डोळे पुसले, दाराबाहेर आली आणि रेवूला म्हणाली, "तुमची गाडी उद्या कोणत्या बाजूला जाते वं?"

रेवूला या वेळी हसू आलं नाही. "तू म्हणशील त्या बाजूला," ती म्हणाली.

मथीच्या मायला इतकं नवल वाटलं, की कुठं, कशाला, काही न विचारता ती शिदोरीचं पीठ मळायला बसली.

मग सारी लेकरं पोळ्यात नाचली. कासाराची माणसं सुखी झाली, मथी सुखी झाली, चिमण्याही सुखी झाला. आता तुम्हीही डोळे मिटा पाहू. दिवा बारीक करतो.

काय रे? सकाळी चिमण्यानं काय केलं?

सकाळी तो मथीच्या मांडीवर बसला. गाडी शिवेपाशी आली तशी मथीनं डोळे गच्च मिटून घेतले. चिमण्याला मिटता येत नव्हते. म्हणून तो दोघांच्या वाटचं बघत राहिला. गाडीनं शीव ओलांडली. मग त्यानं तिच्या कानात सांगितलं, "उघड आता."